उपमा कोणाच्या घरची?

गेल्या रविवारी सायंकाळी विहारातल्या अभ्यासिकेत आम्ही नेहमीप्रमाणे मुलांच्या वह्या पाहत बसलो होतो. नववीतली एक मुलगी पुढे आली. म्हणाली, "काका, उपमेय आणि उपमान यांत माझा घोळ होतो. व्याख्या पाठ आहे, पण उदाहरण आलं की चुकतं." व्याख्या तिने घडाघडा म्हणून दाखवली. उदाहरण विचारले तर गाइडातले सांगितले, मुख कमळासारखे. "कमळ कुठे पाहिलंस?" असे विचारताच हसली. म्हणाली, "बुद्धांच्या फोटोत."

तेवढ्यात तिची आई तिला न्यायला आली. बाई विडी कामगार. "जयभीम, भाऊ," म्हणत ओट्यावर टेकली आणि हात चोळत म्हणाली, "आज हजार विड्या वळल्या. बोटं नुसती लाकडासारखी झालीत."

आम्ही मुलीला म्हटले, "लिहून घे. आई बोलतेय बोटांबद्दल, म्हणून बोटं हे उपमेय. ती कशी झालीत हे कळावं म्हणून लाकूड बाहेरून आणलं, ते उपमान. ताठरपणा दोघांत आहे, तो समान धर्म. 'सारखी' हा शब्द दोघांची गाठ मारतो." आईला वाटले, आपले बोलताना काही चुकले. मुलगी मात्र वही मांडीवर घेऊन लिहू लागली.

मग आम्हालाही हुरूप आला. बोटे 'लाकडासारखी' म्हटले की उपमा. 'जणू लाकडंच' म्हटले की उत्प्रेक्षा. 'ही बोटं म्हणजे लाकडं' म्हटले की रूपक. इथे दोघांतले अंतरच गेले. आणि एखादी बाई वैतागून म्हणाली, 'बोटं कसली, लाकडं आहेत ही!' तर ती अपन्हुती, कारण तिने बोटे असल्याचेच नाकारले. थकवा वाढत जातो तसा अलंकार बदलत जातो. हे आम्हाला शाळेत कोणी असे सांगितले असते तर बरे झाले असते. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, आयुष्य जमा-नावे करण्यात गेले. जाणकारांनी चूक काढली तर आम्ही दुरुस्त करू.

'अलंकार' या शब्दावर मात्र आमचा थोडा राग आहे. अलंकार म्हणजे दागिना. दागिना म्हटला की आपल्या बायांना वाटते, तो ज्याच्या घरी सोने त्याचा. ही बाई भाषा सजवायला बसली नव्हती. आपल्या बोटांचे दुखणे दुसऱ्याच्या बोटांपर्यंत पोचवायला तिच्याजवळ याहून जवळचा रस्ता नव्हता.

उपमेय तर सगळ्यांकडे एकच असू शकते. उपमान कुठून आणले, त्यावरून बोलणारा कुठे उभा आहे ते कळते. आपल्याच नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, नेवाशाला शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. उपमा आणि दृष्टान्त यांसाठी ती नावाजलेली आहे आणि शाळेत तीच उदाहरणे आम्ही शिकलो. पण याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या धामणगावी 1935 मध्ये दया पवार जन्मले, हे आम्हाला शाळेत कळले नाही. त्यांचा कवितासंग्रह 1974 मध्ये आला. नाव 'कोंडवाडा'.

या एका शब्दापाशी थांबण्यासारखे आहे. ज्यांनी गाव पाहिले त्यांना कोंडवाडा सांगावा लागत नाही. मोकाट ढोर धरून आत घालायचे, मालकाने दंड भरला तर सोडायचे. आता पाहा, मुखपृष्ठावर नुसते 'कोंडवाडा' लिहिले आहे. 'सारखा' नाही, 'जणू' नाही, कोण कोंडले आहे तेही नाही. उपमेय गाळले, एकटे उपमान उभे केले, आणि त्यात पिढ्यान् पिढ्यांचे जिणे मावले. समीक्षक याला प्रतीक म्हणतात. 1978 मध्ये आलेल्या 'बलुतं'चेही तसेच. गावकीची कामे करून सुगीला पदरात पडणारा धान्याचा वाटा, एवढाच मूळ अर्थ. पुस्तकावर आला आणि जन्माने वाट्याला आलेल्या सगळ्याचे नाव झाला. त्या आत्मकथनात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. दोघेही एकच माणूस! निवेदक म्हणजे काय, हे मुलांना समजावायला याहून सोपे उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

आणि उपमा हा शब्द तर पाली सुत्तांच्या नावातच आहे. मज्झिम निकायात अलगद्दूपम सुत्त आहे, म्हणजे सापाची उपमा. साप धरायला निघालेल्याने त्याला शेपटाकडून धरले तर तो उलटून डसतो. अर्थ न तपासता नुसते धम्माचे पाठांतर करणाऱ्याची गत तशीच होते, असे तथागतांनी त्यात समजावले आहे.

हे सांगितल्यावर मुलगी म्हणाली, "मग मी व्याख्या शेपटाकडून धरली होती." आम्ही विचारले, "यात उपमेय कोणतं?"

"व्याख्या," ती म्हणाली. आई म्हणाली, "चला आता, उद्याची पानं भिजवायची राहिलीत."