गतविजेत्यांचा तो हंगाम ढिसाळ नव्हता



सनरायझर्स हैदराबादने २०१६चे आयपीएल विजेतेपद २०१७मध्ये निव्वळ ढिलाईमुळे गमावले, हे आपल्या वाचकाचे मत मला अजिबात पटत नाही. विजेतेपदाच्या वर्षी संघाने साखळीत १४पैकी ८ सामने जिंकून १६ गुण मिळवले. पुढच्या वर्षीही विजय ८च, आणि बंगळुरूचा एक सामना पावसात वाहून गेल्यामुळे गुण १७. स्थान दोन्ही वेळा तिसरे. भुवनेश्वर कुमारचे बळी २३वरून २६ झाले. डेव्हिड वॉर्नरच्या धावा ८४८वरून ६४१वर आल्या हे खरे, पण २०१७च्या स्पर्धेत त्याच सर्वाधिक ठरल्या. यात ढिलाई कुठे दिसते?

मग २०१७मध्ये कोलकात्याविरुद्ध एलिमिनेटरमध्ये का हरले, असे कोणी विचारील. ७ बाद १२८ ही धावसंख्या तोकडीच होती. फलंदाजांचा तो दोष मान्य. परंतु पावसानंतर कोलकात्यापुढे ६ षटकांत ४८ धावांचेच लक्ष्य उरले. दहा गडी हाताशी असलेल्या संघाला इतक्या थोड्या षटकांत रोखणे कोणत्याही गोलंदाजीला जड जाते. २०१६मध्ये याच फेरीत याच कोलकात्याला हैदराबादने २२ धावांनी हरवले, तेव्हा गोलंदाजांना पुरी २० षटके मिळाली होती.

एक वाचक, हैदराबाद