खोक्यांना गाडी मिळाली, माणसांचं काय?

संध्याकाळी सातच्या सुमाराला भिवंडीच्या कल्याण नाक्यावर उभं राहून बघा. 'चलो कल्याण, एक सीट, एक सीट' असा पुकारा चाललेला असतो आणि रिक्षात मागे तिघं आधीच बसलेली असतात. उरलेली ती एक सीट ड्रायव्हरच्या शेजारची, अर्धं अंग बाहेर. परवा माझ्यासमोर त्या सीटवर एक बाई बसल्या. साठीच्या आसपास असतील. हातात कापडी पिशवी, केसांवर आणि खांद्यावर सुताचे बारीक पांढरे तंतू. कारखान्यात कांड्या भरण्याचं काम करणाऱ्या बाईची ओळख भिवंडीत या तंतूंवरूनच पटते. एका हाताने त्यांनी वरची दांडी धरली, दुसऱ्याने पिशवी पोटाशी आवळली, आणि रिक्षा एका ट्रेलरच्या चाकाजवळून निघून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती. इथल्या यंत्रमागांवर देशभरासाठी कापड निघतं. मुंबईकर मोबाइलवर जे काही मागवतात, त्यातलं कितीतरी काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोलीच्या गोदामांतून जातं. आणि एवढ्या शहराला कामावर नेण्या-आणण्याची सगळी भिस्त तीन चाकांवर आहे. शेजारच्या ठाण्याला, कल्याण-डोंबिवलीला, वसई-विरारला महापालिकेची बस आहे. भिवंडी महापालिकेची अशी सेवा उभी राहिली नाही. एसटी आहे, ठाण्याच्या बस येतात, पण गावातल्या गावात फिरायला रिक्षाच.

याचं मूळ जुनं आहे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली आणि वर्षभरानंतर, 1 मे 1854 ला, ती कल्याणला पोहोचली. कल्याण आणि भिवंडी ही नावं आपण इतिहासात एका दमात घेतो. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये दोन्ही एकत्रच स्वराज्यात आणली. पण रूळ कल्याणच्या बाजूने गेले आणि भिवंडी खाडीपलीकडे राहिली. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी वसई-दिवा मार्ग झाला, तेव्हा अंजूरफाट्याजवळ स्टेशन मिळालं. नाव भिवंडी रोड. रेल्वेच्या नावांत 'रोड' आला की समजायचं, गाव अजून पुढे आहे.

या स्टेशनच्या फलाटावर मी अनेकदा बसतो. दोन्ही बाजूंना रूळ, वर विजेची तार, सगळं जागच्या जागी. कंटेनर लादलेली मालगाडी येते, डबे मोजता मोजता कंटाळा येईल एवढी लांब, आणि थांबत नाही. मग दुसरी येते. वसई, दिवा, पनवेलकडे माणसं नेणाऱ्या मेमू गाड्या मात्र दिवसभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एक चुकली की तासन्‌तास बसा. ज्याला आठच्या पाळीला पोहोचायचं आहे, तो या भरवशावर राहूच शकत नाही. मग तो रिक्षा धरतो, आणि कागदावर असं दिसतं की भिवंडीत रेल्वेला प्रवासी नाहीत.

2020 साली, टाळेबंदीच्या वर्षात, याच स्टेशनवरून पार्सल गाड्या सुटू लागल्या. गोदामांतला माल थेट आसामातल्या अजारापर्यंत जाऊ लागला. मला त्याचा आनंदच झाला आणि आजही आहे. एक मालगाडी भरली की तेवढे ट्रक रस्त्यावरून कमी होतात. ही कामं आणखी वाढावीत. पण त्या वेळी एक गोष्ट लख्ख दिसली. मनावर घेतलं तर इथून गाडी काढता येते. जे खोक्यांसाठी जमलं, ते गोदामांत ती खोकी भरणाऱ्या मुलींसाठी जमायला हवं.

रेल्वेची अडचण खोटी नाही. वसई-दिवा मार्गावर जाण्या-येण्याचे रूळ एकेकच, आणि त्यांवर मालगाड्यांची रांग. पण दादरी ते जेएनपीटी हा 1,506 किलोमीटरचा मालवाहतुकीचा स्वतंत्र मार्ग याच पट्ट्यातून जातो. मालगाड्या त्या रुळांवर वळल्या की जुन्या मार्गाला श्वास घ्यायला जागा मिळेल. ती मोकळी होणारी वेळ कुणाला द्यायची, हे आत्ताच ठरवून घ्यायला हवं. माझं मागणं साधं आहे: सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ, वसई ते पनवेल दर अर्ध्या तासाला एक गाडी. कोपरला हा मार्ग मुख्य लाइनीच्या वरून जातो. वरच्या फलाटावर उतरा, जिना उतरून खाली या, डोंबिवली-कल्याणची लोकल धरा. ती रिक्षातली बाईसुद्धा या वाटेने घरी जाऊ शकली असती.

रेल्वेला जोड मेट्रोची हवी. मेट्रो 5 चं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झालं. ठाणे, भिवंडी, कल्याण असा जवळपास 25 किलोमीटरचा हा मार्ग. धामणकर नाक्यापुढे घरं आणि दुकानं पाडावी लागू नयेत म्हणून काही भाग भुयारी करायचं ठरलं, हे मला मनापासून पटलं. अंजूरफाट्याला मेट्रोचं स्थानक आहे आणि रेल्वेचं स्टेशन तिथून हाकेच्या अंतरावर. या दोघांत छत असलेली, दिवे असलेली, जिने टाळणारी थेट वाट आजच आखायला हवी. मेट्रो एका संस्थेची, रेल्वे दुसऱ्याची, मधला रस्ता तिसऱ्याचा, म्हणून प्रवाशाने चिखलातून चालायचं, हे चालणार नाही.

ट्रामचीही सूचना कुणी ना कुणी करतंच. मुंबईची ट्राम 1874 मध्ये घोड्यांनी ओढली, 1907 मध्ये विजेवर आली आणि 31 मार्च 1964 ला बंद झाली. मला ट्राम आवडते, पण जिथे दोन ट्रेलर समोरासमोर आले की नाका गोठतो, तिथे रुळांसाठी जागा कुठून काढणार? त्याआधी गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना गावाबाहेर थोपवा आणि विजेवरच्या छोट्या बस सुरू करा: अंजूरफाटा, धामणकर नाका, वंजारपट्टी नाका, कल्याण नाका, एसटी स्टँड. दहा मिनिटांना एक. रिक्षावाल्यांना शत्रू मानू नका. इतकी वर्षं हे शहर त्यांनीच हलतं ठेवलं आहे. त्यांना ठरलेले थांबे द्या, स्टेशनपासून आतल्या गल्ल्यांपर्यंतच्या फेऱ्या द्या, आणि ती चौथी सीट बंद करा.

अंजूर-भरोडीच्या शिवारात बुलेट ट्रेनचा डेपो येतो आहे. देशातली सर्वांत वेगवान गाडी रात्री भिवंडी तालुक्यात मुक्कामाला येईल. त्याच शिवाराशेजारच्या स्टेशनवर सकाळच्या पाळीला वेळेत पोहोचवणारी साधी गाडी मिळावी, ही काही मोठी मागणी नाही.

वाचकांना एकच विनंती. वसईला, दिव्याला किंवा पनवेलला जायचं असेल आणि वेळ जुळत असेल, तर एकदा भिवंडी रोडवरून तिकीट काढून जा. गाड्या वाढवताना विकलेली तिकिटंही मोजली जातात, आणि त्या हिशेबात भिवंडीकर अजून दिसतच नाहीत.