त्याला खोलीत कोंडू नका

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राममधल्या मराठी मंडळींनो, ही कळकळीची विनंती आहे.

मे महिन्यातली सकाळ. ओल्ड राजिंदर नगरातल्या एका खोलीत मी यूपीएससीच्या एका मुलाला चहा दिला. कप बशीवर खडखडत होता. दोन्ही हातांनी धरला, तरी अर्धा चहा चादरीवर सांडला. "थंडी वाजतेय," म्हणाला. बाहेर बेचाळीस अंश होते. गावाकडून वडिलांनी फोनवर बजावलं होतं, दाराला कडी लावा, चार दिवस दारूचा थेंब देऊ नका, आपोआप सुटेल. आम्ही तसंच केलं. त्या रात्री त्याला फिट आली. वेळेत दवाखाना गाठला म्हणून वाचला.

आमचं चुकलं ते इथे. ताण आला की मेंदू धोक्याचा गजर वाजवतो, कॉर्टिसॉल वाढतं. दारू तो गजर दाबते, म्हणून पहिल्या पेल्याला हायसं वाटतं. पण रोज दाबला तर मेंदू गजराचा आवाजच वाढवून ठेवतो. मग निकाल नसला, भाडं थकलं नसलं, तरी सकाळी छातीत धडधड, घाम, हाताला कापरं. आता तो मजेसाठी पीत नाही, ते कापरं थांबावं म्हणून पितो. अशा माणसाची दारू एकदम तोडली की दाबलेला मेंदू उसळतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रमही होतो. त्यात जीव जातो.

म्हणून रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी तोडू नका. 'मन खंबीर कर' हे तर आधी बंद करा. गाझियाबादच्या कमला नेहरू नगरात एम्सचं व्यसनमुक्ती केंद्र आहे, दिलशाद गार्डनला इहबास हे सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन. मनावरच्या ताणासाठी टेलिमानस, १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं. फिट आली, माणूस भ्रमात बडबडू लागला, तर थेट ११२.

एम्सच्याच २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेले ३७ आपल्याच पीजीत, करोल बागेतल्या गलाईच्या दुकानांत, सोसायट्यांच्या बाराव्या मजल्यावर आहेत.

आजच त्याला पिण्याबद्दल विचारा. रागावू नका, शेजारी बसा. आणि दवाखान्यात नेताना रोज किती घेतो, शेवटचा घोट किती वाजता घेतला, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर आधी तेच विचारतात.