माझा भाऊ हट्टी नाही



आपल्या भित्तिपत्रकात पाऊस, सहल, गणपती हे विषय नेहमी येतात. या खेपेला मी माझ्या धाकट्या भावाविषयी लिहीत आहे. तो दुसरीत आहे. तुम्ही सगळे त्याला ओळखता. सुतळीचा तुकडा डोळ्यांसमोर हलवत बसतो, तोच. गेल्या पालकसभेत दोघातिघांनी म्हटले, “पोरगं लई हट्टी हाय, मधीच वरडतं, आमच्या पोरांचा अभ्यास बुडतो, त्याला दुसरीकडं घाला.” माझी आई तिथे खाली मान घालून बसली होती. ती काही बोलली नाही, म्हणून मी लिहिते.

तो हट्टी नाही. त्याला स्वमग्नता आहे. इंग्रजीत ऑटिझम म्हणतात. अशा मुलांच्या मेंदूची घडणच वेगळी असते. ती कोणाला लागत नाही, आणि आईच्या चुकीने किंवा बाहेरच्या बाधेने होत नाही. (आमच्याकडे दोन वर्षे अंगारे-धुपारे झाले, कोंबडी गेली, पैसेही गेले. असो.) १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा ११ मुलांविषयी लेख लिहिला, तेव्हा डॉक्टरांचे याकडे लक्ष गेले. आपल्या देशात अपंगांसाठी १९९५ साली कायदा झाला, त्यात ७ प्रकार होते आणि हे नाव नव्हते. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ते आहे. शिकलेल्या माणसांनाही इतका वेळ लागला, म्हणून मी गावातल्या कोणावर रागावत नाही.

आता ओरडण्याचे सांगते. त्याला बोलता येत नाही. तहान लागली की तो ओरडायचा, आणि आम्ही धावत पाणी द्यायचो. म्हणजे ओरडले की पाणी मिळते हे आम्हीच त्याला शिकवले! तालुक्याहून येणाऱ्या विशेष शिक्षकांनी ते आमच्या ध्यानात आणून दिले. मग त्यांनी पुठ्ठ्यावर तांब्याचे चित्र काढले. आई पाणी घेऊन पुढे बसली, सर त्याच्या मागे बसले. त्याने पाण्याकडे हात केला की सर मागून त्याचा हात धरून कार्ड उचलायला लावत. कार्ड आईच्या हातात पडले की आई ‘पाणी’ म्हणून लगेच घोटभर पाणी देई. रागावणे नाही, थांबवून ठेवणे नाही. हळूहळू सरांनी हात नुसता कोपराला लावला, मग तोही काढून घेतला.

मध्ये एक गोंधळ झाला. शाळेत बाई कार्डावर पाणी देत, आणि घरी आजी त्याचे रडे बघवेना म्हणून तसेच देई. तो शाळेत कार्ड द्यायचा आणि घरी ओरडायचा. बरोबरच आहे त्याचे! आजीला समजावण्यात महिना गेला. आता कार्ड मागायला आजीच सगळ्यांच्या पुढे असते. माझे मत असे की घरी एक आणि शाळेत एक असे शिकवण्यापेक्षा न शिकवलेले बरे.

सर सांगतात, १९८७ साली अमेरिकेतल्या लोव्हास नावाच्या प्राध्यापकांनी १९ लहान मुलांना आठवड्याला ४० तास अशा रीतीने शिकवल्याचे लिहिले. त्यांपैकी ९ मुले साध्या शाळेत पहिली नीट पार पडली. पुढे त्यावर पुष्कळ वादही झाले. आईला रोजंदारीला जावे लागते, ४० तास कुठून आणायचे? पण मी हिशेब केला. अंघोळ, जेवण, शेळीला पाला टाकणे, शाळेची वाट, खिचडीची रांग, हे सगळे तासच आहेत. हात धुणे आम्ही असेच शिकवले, तेही उलटे. सगळे मी करायची, शेवटी हात पुसणे तेवढे त्याने करायचे. ते जमले की त्याच्या आधीचे नळ बंद करणे. प्रत्येक वेळी शाबासकी म्हणून गोळी नाही, त्याची सुतळी.

त्याच प्राध्यापकांच्या पहिल्या काळात अशा मुलांना थपडा आणि विजेचे झटकेसुद्धा देत. हे ऐकून मला रात्री झोप आली नाही. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे. तरी ‘दोन ठेवून द्या, सरळ होईल’ हे मी अजून ऐकते.

आणखी एक. काही पाहुणे त्याची हनुवटी धरून ‘माझ्याकडं बघ’ म्हणतात. सहावीतली दोन मुले त्याची सुतळी पळवतात आणि तो रडला की हसतात. (नावे लिहीत नाही, त्यांनाच कळेल.) सुतळी हलवली की त्याचे मन शांत होते. त्याने आपल्यासारखे दिसावे म्हणून ती सोडवायची, हे मला पटत नाही. पाणी मागता यावे, शी-शू सांगता यावी, दुखते ते दाखवता यावे, एवढे शिकवायला आधी घ्यावे. सरांचेही म्हणणे तेच आहे.

दुसरीच्या मुलांना विनंती आहे की घंटा व्हायच्या आधी त्याला घंटेचे चित्र दाखवा. अचानक वाजली की तो कान दाबून ओरडतो. त्याने कार्ड पुढे केले तर दहा अंक मोजेपर्यंत थांबा, त्याच्या आधी तुम्ही बोलू नका. पालकसभेत तक्रार केलेल्या काकांनी एक दिवस वर्गात बसून बघावे, बाईंनी परवानगी दिली आहे.

मंगळवारी खिचडीच्या रांगेत मी त्याच्या मागे होते. तो आधी नेहमीसारखा माझ्याकडे वळला. मी हात मागे घेतले. मग त्याने ‘आणखी’चे कार्ड वाढणाऱ्या मावशींच्या हातात दिले. मावशी म्हणाल्या, “आणखी? घे की बाळा,” आणि पळीभर वाढले.

— इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी