स्थानकापासून ८०० मीटर

कॉलेजजवळ खोली शोधत फिरलेल्या विद्यार्थ्याला शहराचे अर्थशास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. बसस्टँड जितके जवळ, तितके भाडे चढे. ‘भाडे’ म्हणा की आमच्या कन्नड वर्गमित्रांप्रमाणे ‘बाडिगे’ म्हणा, आकडा तोच! मी लांबची खोली घेतली. वाचलेले पैसे बसच्या तिकिटात जातात.

कॅनडाच्या संघ सरकारने याच दुखण्याला हात घातला आहे. शहरांच्या सार्वजनिक वाहतुकीसाठी १० वर्षांत ३० अब्ज डॉलर देण्याची योजना त्याने २०२४ मध्ये जाहीर केली. पैसा २०२६-२७ पासून, पण अटींसह. वारंवार गाड्या धावणाऱ्या मार्गापासून ८०० मीटरच्या आत दाट वस्तीच्या इमारतींना परवानगी हवी आणि प्रत्येक घरामागे मोटारीसाठी जागा सोडण्याची सक्ती तेथे नको. कॅनडात नगरपालिका प्रांतांच्या अखत्यारीत येतात. बांधकामाचे नियम ओटावाला बदलता येत नाहीत. म्हणून तिजोरीच्या किल्लीचा हा उपयोग.

हे स्थानिक स्वराज्यावर अतिक्रमण आहे, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो पटत नाही. सर्व देशाच्या करातून रेल्वे आणायची आणि स्थानकाभोवती मात्र चार बंगलेच ठेवायचे, हा कोणता न्याय?

माझी शंका वेगळी आहे. स्थानक आले की जमिनीची किंमत वाढते आणि ती वाढ मालकाच्या खिशात जाते. रिकार्डोचा खंड सिद्धांत आपण परीक्षेपुरता पाठ करतो, तो हाच. नुसती मजले चढवण्याची परवानगी दिली, तर घरे वाढतील; पण ती कारकुनाला परवडतील कशावरून? परवानगीबरोबर काही घरे स्वस्त भाड्याची असावीत, हीही अट हवी.

आपल्याकडे जमीन हा राज्यांचा विषय. तरीही २०१७ च्या मेट्रो धोरणात केंद्राने आपल्या मदतीची सांगड स्थानकांभोवतीच्या दाट विकासाशी आणि वाढलेल्या जमीनमूल्यातला वाटा वसूल करण्याशी घातली. दिशा योग्य आहे. मात्र मेट्रो नसलेल्या, बसवरच चालणाऱ्या आपल्यासारख्या गावांचे काय?

कॅनडाच्या अटींत कॉलेजांभोवतीचे ८०० मीटरही आहेत. ते वाचून मी आमच्या फाटकापासून तेवढे अंतर चालून पाहिले. तीन झेरॉक्सची दुकाने, एक मंगल कार्यालय, बरीच कुलूपबंद घरे. ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी एकच दिसली. खाली लिहिले होते, ‘फक्त कुटुंबासाठी’.