चाकांवरचे घर आणि परकी वीज

उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईवडिलांना अमेरिका दाखवण्यासाठी आर.व्ही. भाड्याने घेणारी कुटुंबे समाजात आता आढळू लागली आहेत. आर.व्ही. म्हणजे चाकांवरचे घरच. शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, निजण्याची सोय, सारे एका वाहनात. ज्यांना आहाराचे नियम सांभाळायचे असतात आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे असते, त्यांना वाटेतील हॉटेलांपेक्षा हे फिरते स्वयंपाकघर जवळचे वाटावे, यात नवल नाही. मार्ग, मुक्काम, विमा यांची चौकशी महिनोन्‌महिने आधी होते. ज्या पेटीतून रात्रभर वीज घ्यायची, तिची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही.

यलोस्टोन उद्यानात विजेची जोडणी देणारा तळ एकच, फिशिंग ब्रिजचा. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर, उद्यानाच्या हद्दीत, ती सोय ट्रेलर व्हिलेज येथे आहे. उद्यानांबाहेर खासगी तळ पुष्कळ. तेथे वाहन उभे करण्याच्या प्रत्येक जागेपाशी एक वीजपेटी असते. तीत ब्रेकर आणि ३० किंवा ५० अँपिअरची सॉकेटे असतात. ३० अँपिअरचे सॉकेट तीन पिनांचे, १२० व्होल्टचे; त्यातून ३,६०० वॅट मिळतात. ५० अँपिअरच्या सॉकेटला चार पिना असून त्यात १२० व्होल्टचे दोन फेज येतात, म्हणून त्याची क्षमता १२,००० वॅट होते. आकडा दुपटीलाही पोहोचत नाही, पण वीज तिपटीहून अधिक, हा हिशेब प्रथम ऐकणाऱ्यास चकवतो.

महाराष्ट्रात फ्रीज घेताना अनेक जण स्टॅबिलायझरचीही विचारणा करतात. अमेरिकेतील घरांत विजेचा दाब इतका स्थिर असतो की ही सवय तेथे सुटते. तळावरची पेटी मात्र घरातली नव्हे. ती ऊन, पाऊस, बर्फ सोसते. हंगामभर अनेक अनोळखी हात तीत प्लग खुपसतात आणि कित्येक जण एअर कंडिशनर चालू असतानाच तो उपटतात. त्या ठिणग्यांनी आतील पट्ट्या करपतात, सैल होतात.

शिवाय तळाची वायरिंग सर्व वाहने एकाच वेळी पूर्ण वीज ओढतील असे धरून केलेलीच नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत ३६ वा अधिक जागांच्या तळासाठी एकूण भाराच्या ४१ टक्के हिशेबात धरण्याची मुभा आहे. सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढायला येणार नाहीत, या भरवशावर बँक चालते, तसाच हा प्रकार. एरवी तो भरवसा खरा ठरतो. पण जुलैच्या तापलेल्या दुपारी सगळ्याच वाहनांचे एअर कंडिशनर सुरू होतात, आणि लांबवरच्या जागांवर १२० व्होल्टचे १०५ होऊ शकतात. व्होल्टेज घटल्यावर हीटर फक्त मंद होतो. कॉम्प्रेसरची मोटर मात्र तेच काम करण्यासाठी अधिक प्रवाह खेचते, तिची वाइंडिंग तापते आणि इन्सुलेशन जळते. ती त्याच दिवशी बंद पडेल असे नाही, म्हणून दोष कोणाचा हे शेवटपर्यंत उमगत नाही.

५० अँपिअरच्या जोडणीत अधिक वाईट म्हणजे न्यूट्रल तुटणे. दोन फेजांमध्ये मिळून २४० व्होल्ट असतात. न्यूट्रल दोन्ही बाजूंना १२०-१२० वर धरून ठेवतो. तो सुटला की ज्या बाजूला भार कमी, तिच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येते. एअर कंडिशनरच्या बाजूचा दाब कोसळतो आणि दुसऱ्या बाजूचा टीव्ही वा मायक्रोवेव्ह क्षणार्धात जळतो.

३० अँपिअरचा धोका निराळा आहे, आणि तो तळापेक्षा नातेवाइकांच्या अंगणात अधिक संभवतो. पाहुण्यांच्या आर.व्ही.साठी कोणी हौसेने इलेक्ट्रिशियन बोलावून सॉकेट बसवून घेतो. मोठ्या तीन पिना पाहून त्या कारागिराला ते कपडे वाळवण्याच्या यंत्राचे वाटते आणि तो त्यात २४० व्होल्ट जोडून देतो. प्लग सहज बसतो. वाहनातील जवळजवळ सर्व उपकरणे गेलेली असतात.

आतापर्यंतचे नुकसान पैशाचे झाले. अर्थिंग तुटले असेल तर प्रश्न जिवाचा असतो. वाहन रबरी टायरांवर उभे. जमिनीशी त्याचा विश्वासार्ह संबंध केवळ त्या केबलमधील अर्थच्या तारेने. ती तुटलेली असताना एखाद्या उपकरणातून वीज झिरपू लागली तर वाहनाचा सारा धातूचा पत्रा जिवंत होतो. आत बसलेल्यांना काहीच जाणवत नाही. ओल्या गवतावरून अनवाणी येऊन दाराच्या मुठीला हात लावणाऱ्या मुलाला मात्र शॉक बसतो. कोणी सुचवतात की जमिनीत लोखंडी सळई ठोकून तार जोडावी. सळईचा रोध २५ ओहम धरला तरी १२० व्होल्टवर पाच अँपिअरहून कमी प्रवाह वाहील. ३० अँपिअरचा ब्रेकर त्याने हलणारही नाही.

बाजारात स्वस्त सर्ज प्रोटेक्टर मिळतो, पण तो केवळ क्षणिक उसळी शोषतो. कमी व्होल्टेज तासन्‌तास चालू राहिले तरी त्याला त्याचे सोयरसुतक नसते. हवी असते ती ई.एम.एस. नावाची पेटी. व्होल्टेज साधारण १०४ च्या खाली वा १३२ च्या वर गेले, फेज-न्यूट्रल उलटे असले, अर्थ वा न्यूट्रल नसला, तर ती वीज तोडते, आणि वीज पूर्ववत झाल्यावरही कॉम्प्रेसरसाठी थोडी थांबून मगच जोडते. तिला काही शे डॉलर पडतात. छतावरचा एअर कंडिशनर बदलायचा तर हजाराच्या पुढे जावे लागते, तेव्हा व्यापाऱ्याला वेगळे गणित मांडून दाखवण्याची गरज नाही.

जोडण्याचा क्रमही ठरलेला असावा. पेटीचा ब्रेकर बंद करून सॉकेट काळवंडलेले वा सैल नाही ना ते पाहावे. मग ई.एम.एस. लावून ब्रेकर चालू करावा आणि आकडे वाचावेत. ठीक असल्यास ब्रेकर पुन्हा बंद करून वाहनाची केबल जोडावी व ब्रेकर चालू करावा. त्यानंतर कोणी पत्र्याला हात लावण्याआधी, बाहेर जमिनीवर उभे राहून, पेनाएवढे टेस्टर पत्र्याजवळ न्यावे. हे टेस्टर तारेला न टेकवताच वीज ओळखते. हे शेवटचे काम टाळू नये. जुन्या घरांत कधी अर्थ आणि न्यूट्रल दोन्हींत फेज आलेला असतो; तेथे ई.एम.एस.लाही सारे ठीक दिसते आणि पत्रा मात्र १२० व्होल्टवर असतो. टेस्टर वाजले तर ब्रेकर बंद करावा आणि दुसरी जागा मागावी. भाडे आधीच भरले आहे, हे त्याच जागेवर राहण्याचे कारण होऊ शकत नाही.

भाड्याच्या आर.व्ही.त ई.एम.एस. बसवलेले आहे का, हे ताबा घेतानाच विचारावे. नसल्यास प्लगाच्या मापाचे, ३० वा ५० अँपिअरचे, सुटे यंत्र घ्यावे, आणि सोबत एक लहान कुलूप. कारण पेटीवर उघडे लटकणारे हे यंत्र रात्रीतून चोरीला जाऊ शकते.