मत मिळाले, माती कुठे आहे?

26 जानेवारी 1950 पासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण शिरणार आहोत, असे डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावले होते. ती लवकर मिटवली नाही, तर विषमतेत होरपळणारेच ही लोकशाही उधळून लावतील, असेही ते म्हणाले. यावर ठरलेले उत्तर येते : मत मिळाले ना? बाकीची समता विकासाबरोबर यथावकाश येईल.

हे उत्तर टिकत नाही. मताधिकार देताना आपण वाट पाहिली नव्हती. 1951 साली साक्षरता जेमतेम 18 टक्के होती, तरी प्रत्येक प्रौढाला मत दिले आणि ते योग्यच केले. मग धीर धरण्याचा उपदेश जमीन आणि मजुरी मागणाऱ्यांनाच का?

वाट पाहून काय मिळते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 पासून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले. सुधारणा मोठीच होती. पण ज्याचे कूळ म्हणून नावच लागले नव्हते, त्या शेतमजुराच्या हाती काही आले नाही. आणि त्यांत गावकुसाबाहेरचे किती होते, हे सांगायला नको. मतदार यादीत नाव होते, सातबाऱ्यावर नव्हते. म्हणूनच दादासाहेब गायकवाडांना 1959 मध्ये आणि पुन्हा 1964-65 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारावा लागला.

उपाशी माणसाला मत काय कामाचे, हा दुसरा आक्षेपही चुकीचा आहे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांकडे पाठ फिरवणे निवडून आलेल्या सरकारला परवडणारे नव्हते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना 1977 मध्ये कायदा झाली. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. मजुराची विनवणी तिथे हक्क झाली.

मार्ग हाच आहे. संपत्ती मूठभरांकडे साचू नये, असे संविधानाचे कलम 39 सांगते. पण ही तत्त्वे न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत, असे कलम 37 म्हणते. संसदेतल्या बहुमताच्या लहरीवर आर्थिक रचना सोडू नका, ती संविधानातच लिहा, अशी बाबासाहेबांची 1947 मधली मागणी होती. ती आज पुन्हा करायला हवी. काम, जमीन आणि सन्मान यांचा हक्क भूमिहीनाला कोर्टात उभे राहून मागता आला पाहिजे. तोवर समतेचा अर्धाच करार पाळला गेला, असे म्हणावे लागेल.